हलालखोरांनी मुंबई सोडली असती तर?

साथ येते तेव्हा डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका आणि सफाई कामगारांसाठी टाळ्या वाजतात. साथ लांबली की यांतले काहीजण काम सोडण्याचा विचार करू लागतात आणि टाळ्या वाजवणारेच त्यांना पळपुटे म्हणू लागतात. कोरोनाच्या काळात हे आपण सर्वांनी पाहिले. या टीकेला धर्माचा आधार जोडणारेही मला भेटले. ज्या गावात ताऊन पसरला आहे तिथे जाऊ नये आणि तिथेच असाल तर पळ काढू नये, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला माहीत असते. तिचा अर्थ सोयीने लावला, की रुग्णालयातून राजीनामा देणारी परिचारिका थेट गुन्हेगार ठरते.

पण साथीत सेवा करणारा माणूस काम सोडायचा विचार नेमका कशामुळे करतो? मरणाच्या भीतीने, असे उत्तर पटकन दिले जाते. मला ते अपुरे वाटते. इतिहासात याचे अधिक चांगले उत्तर सापडते आणि त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. १८९६च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईवर अशी वेळ आली होती, की शहराची आरोग्यव्यवस्था ज्यांच्या हातांवर चालत होती ते लोक निघून जाण्याच्या बेतात होते. त्यांना थांबवण्यासाठी ब्रिटिश प्रशासनाला आपल्याच हुकुमाला मुरड घालावी लागली. ते लोक डॉक्टर नव्हते. ते हलालखोर होते.

शब्द आणि काम

'हलालखोर' म्हणजे हलालची, कष्टाची कमाई खाणारा. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'नुसार सफाई करणाऱ्यांना हे नाव बादशहा अकबराने दिले. नाव सन्मानाचे होते, काम मात्र तेच राहिले. माणसाची विष्ठा उचलायची आणि डोक्यावरून वाहून न्यायची. मुंबई महापालिकेच्या कारभारात हा शब्द अधिकृत झाला. पालिकेच्या खात्यात हलालखोर होते आणि घरमालकांकडून 'हलालखोर कर'ही वसूल होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातल्या बहुसंख्य घरांत संडासाला नळ नव्हता. टोपल्यांचे संडास होते आणि टोपल्या रोज रिकाम्या करणारे हलालखोर बहुतेक गुजरातकडून आलेले होते. रस्ते झाडणारे आणि कचरा उचलणारे ते बिगारी. त्यांत महाराष्ट्रातल्या अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते.

सप्टेंबर १८९६मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागातल्या रुग्णांची लक्षणे पाहून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा दाट भाग. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येरसिनला १८९४मध्ये हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण उंदरावरच्या पिसवांमधून रोग माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँने दाखवून दिले ते १८९८मध्ये. त्यामुळे १८९६च्या मुंबईत रोगाचे मूळ घाणीत आणि कोंदट हवेत शोधले जात होते. उपाय एकच माहीत होता, सफाई. कार्बोलिक मिसळलेले समुद्राचे पाणी गटारांतून सोडले जाऊ लागले, घरे धुतली जाऊ लागली, सामान जाळले जाऊ लागले. हे सगळे करणारे हात हलालखोरांचे आणि बिगाऱ्यांचे होते. त्या वेळच्या समजुतीनुसार प्लेगशी आघाडीवर लढणारे तेच होते.

ऑक्टोबर १८९६

महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक कडक आदेश काढला. १८८८च्या महापालिका कायद्याचा आधार घेऊन प्लेगच्या रुग्णाला सक्तीने घरातून काढून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेण्याचा अधिकार प्रशासनाने घेतला. घरात शिरून तपासणी, रुग्णाला वेगळे करणे आणि घराचे निर्जंतुकीकरण, हे सगळे लोकांच्या इच्छेविरुद्ध होऊ लागले.

शहरात अफवांचा पूर आला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसांना मुद्दाम मारतात, अशी बोलवा उठली. रुग्ण फार उशिरा आणले जात, त्यामुळे मरणाऱ्यांची संख्या खरोखरच मोठी होती आणि अफवेला खतपाणी मिळत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस शेकडो गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक गाठोडी बांधून स्टेशनकडे आणि बंदराकडे निघू लागले होते. पुढच्या काही महिन्यांत, १८९१च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या जवळ असलेल्या या शहरातून जवळपास निम्मे लोक निघून गेले.

या गर्दीत हलालखोर आणि बिगारी सामील झाले असते तर? स्नो यांची झोप याच प्रश्नाने उडाली. प्लेगवरच्या आपल्या अहवालात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. हे लोक गेले असते तर मुंबईचा उकिरडा झाला असता आणि शहर राहण्याजोगे उरले नसते, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टर बाहेरून आणता येतील, लष्कर बोलावता येईल, पण हलालखोराच्या जागी उभा राहणारा दुसरा कोणी मिळणार नाही. जातीने हे काम एका समूहाच्या गळ्यात बांधले होते. त्यामुळेच तो समूह निघून जाऊ शकतो, ही कल्पना व्यवस्थेला पेलवत नव्हती.

खरे तर त्यांना बांधून ठेवण्यासाठी कायदा तयार होता. १८९०मध्ये 'सिटी ऑफ बॉम्बे म्युनिसिपल सर्व्हंट्स अ‍ॅक्ट' झाला होता आणि पालिकेच्या अत्यावश्यक नोकरांनी पूर्वसूचना न देता काम सोडणे हा त्यानुसार गुन्हा होता. पण निम्मे शहर पळत असताना गुन्हा कोणाकोणावर नोंदवणार? तुरुंगात बसलेला हलालखोर टोपली उचलू शकत नाही. जो कायदा शांततेच्या काळात मालकाच्या बाजूने भक्कम उभा होता, तो साथीत निरुपयोगी ठरला.

भीती कशाची होती?

या प्रसंगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे आहे. हलालखोरांची भीती प्रामुख्याने प्लेगची नव्हती. त्यांच्या वस्त्या दाटीच्या होत्या, काम सर्वांत घाणीचे होते, आणि तरीही साथ सुरू झाल्यावर ते कामावर येत होते. त्यांना धास्ती होती ती सक्तीने रुग्णालयात नेले जाण्याची. आपण आजारी पडलो तर बायकामुलांपासून तोडले जाऊ, परक्या हातांत मरू, शेवटचे संस्कार होणार नाहीत, ही ती धास्ती. ज्या व्यवस्थेसाठी ते रोज राबत होते तिच्या रुग्णालयावर त्यांचा विश्वास नव्हता.

स्नो यांनी हे ओळखले. ऑक्टोबर संपता संपता आदेश सैल करण्यात आला. घरीच वेगळे ठेवून उपचार होण्यासारखे असतील तर रुग्णाला सक्तीने हलवले जाणार नाही, असे धोरण आले. हलालखोर थांबले आणि मुंबई चालू राहिली.

याला प्रशासनाचा शहाणपणा म्हणायचे की नाइलाज? मला तो नाइलाज वाटतो, कारण पुढच्याच वर्षी हा धडा विसरला गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला, मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमली गेली आणि सक्ती परतली. चार कलमांच्या त्या कायद्याचे शेवटचे कलम सद्भावनेने काम करणाऱ्या व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देत होते. साथीत राबणाऱ्याच्या पगाराबद्दल, आजारपणाबद्दल, मागे राहणाऱ्या कुटुंबाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

आपल्या शालेय इतिहासात प्लेग म्हटले की पुण्याचा रँड आणि चापेकर बंधू येतात. सावित्रीबाई फुले येतात, आणि यायलाच हव्यात. पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्यासोबत रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पण सावित्रीबाईंचे उदाहरण आपण कसे वापरतो, हेही पाहिले पाहिजे. त्यांनी स्वतः निवडलेले समर्पण दुसऱ्याच्या पगारातून वसूल करता येत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांचा फोटो लावायचा आणि त्याच दवाखान्यात तीन महिने मानधन थकवायचे, याला आदरांजली म्हणत नाहीत.

मदनपुऱ्याची बाजू

हा इतिहास सांगताना आपल्या वस्तीबद्दल गप्प राहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात तपासणी पथक एका मुस्लीम विणकर कुटुंबाच्या घरी पोहोचले. घरातल्या आजारी मुलीची तपासणी करण्यास कुटुंबाने विरोध केला. जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. त्यापाठोपाठ गोदी कामगार आणि गाडीवाल्यांनी काम बंद ठेवले.

मदनपुऱ्याचा राग मला समजतो. परका पुरुष घरात येऊन मुलीच्या अंगाला हात लावणार, तिला उचलून नेणार आणि ती परत येईल की नाही हे कोणी सांगणार नाही, ही कल्पना कोणत्याही बापाला सहन होणारी नव्हती. तरी त्या पथकाच्या बाजूनेही पाहावे लागते. पथकातल्या कनिष्ठ माणसाने ना आदेश काढला होता, ना तो बदलण्याची ताकद त्याच्याकडे होती. आदेश काढणारा सचिवालयात बसलेला असतो आणि दगड खाणारा दारात उभा असतो.

१ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल या मुस्लीम वस्तीत आरोग्य पथकावर दगडफेक झाली, तेव्हा मला मदनपुरा आठवला. त्या पथकात दोन महिला डॉक्टर होत्या आणि त्यांतली एक मुस्लीम होती. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. त्या आठवड्यांत तबलिगी जमातच्या निमित्ताने अख्ख्या समाजावर साथ पसरवल्याचा आरोप होत होता, वस्त्यांत भीती होती, हे सगळे खरे आहे. पण त्या भीतीची किंमत दारात आलेल्या दोन बायकांनी मोजली, हेही तितकेच खरे आहे. काम सोडावेसे वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे. ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घालायचा तेच आपल्याला शत्रू समजतात, आणि वरचे आपल्याला ढाल म्हणून पुढे करतात.

थांबा म्हणणाऱ्याची जबाबदारी

आता त्या हदीसकडे येऊ. हिजरी १८मध्ये, म्हणजे इसवी सन ६३९च्या आसपास, सीरियाकडे निघालेले खलिफा हजरत उमर सर्ग या ठिकाणी पोहोचले, तेव्हा पुढे ताऊन पसरल्याची खबर आली. त्यांनी सोबतच्या जाणत्यांचा सल्ला घेतला आणि परत फिरण्याचा निर्णय केला. सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नाही का? उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच आपण जात आहोत. माणूस आपली जनावरे उजाड उतारावर चारत नाही, हिरव्या उतारावर नेतो, आणि दोन्ही उतार अल्लाहचेच असतात. त्यानंतर अब्दुर्रहमान बिन औफ यांनी ताऊनविषयीची हदीस सांगितली आणि निर्णयावर शिक्कामोर्तब झाले.

अमवासच्या या साथीत पुढे काय झाले, ते आपण कमी सांगतो. उमर यांनी अबू उबैदांना पत्र लिहून मदीनेला बोलावले. आपल्याला वाचवण्यासाठी हे बोलावणे आहे, हे ओळखून त्यांनी नकार दिल्याचे रिवायतींत येते. सैनिक इथे मरत असताना मी एकटा निघणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते तिथेच वारले. त्यांच्यानंतर आलेले मुआज बिन जबल हेही त्याच साथीत गेले. मग अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगराळ भागात विखुरले आणि साथ ओसरली.

पळू नका, हा नियम कशासाठी आहे, याची चर्चा इमाम गजाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये तवक्कुलच्या प्रकरणात केली आहे. त्यांनी दिलेले एक कारण साधे आणि माणुसकीचे आहे. धडधाकट लोक निघून गेले तर आजाऱ्याला पाणी पाजायला आणि जेवण द्यायला कोणी उरणार नाही. म्हणजे या नियमाच्या मुळाशी आजाऱ्याची काळजी आहे. मग साथीत राबणारी परिचारिका स्वतः आजारी पडली तर तिला पाणी कोण पाजणार? नियमाचा हेतू मान्य असेल तर या प्रश्नाचे उत्तर देणे ही तिला थांबायला सांगणाऱ्यावरची जबाबदारी आहे. अबू उबैदांना थांबा म्हणण्याचा अधिकार होता, कारण ते स्वतः थांबले होते. बंगल्यात बसून थांबा म्हणणाऱ्याकडे तो नसतो.

आपल्या परंपरेत रुग्णसेवेला केवळ पुण्याच्या भरवशावर सोडलेले नव्हते, हेही लक्षात ठेवावे. कैरोमध्ये सुलतान कलावून याने १२८४मध्ये उभारलेल्या बीमारिस्तानच्या वक्फमधून हकिमांबरोबर रुग्णांची देखभाल करणाऱ्या स्त्री-पुरुष सेवकांनाही वेतन मिळत असे. सेवा इबादत आहे, असे मानणाऱ्यांनीच पगाराची तजवीज आधी केली होती.

सव्वाशे वर्षांनंतर

२०२०मध्ये आपल्याकडे पुन्हा तोच १८९७चा कायदा लागू झाला. एप्रिलमध्ये अध्यादेशाने त्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरवण्यात आला. हे आवश्यक होते. पण दुरुस्तीने त्यांना फक्त जनतेपासून संरक्षण दिले. पीपीई किटऐवजी रेनकोट घालून वॉर्डात पाठवणाऱ्यापासून किंवा पगार थकवणाऱ्यापासून संरक्षण देणारे त्यात काही नव्हते. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर द्या, असे सांगण्याची वेळ जून २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की साथीत मरण पावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची आकडेवारी केंद्राच्या पातळीवर ठेवलेली नाही. ज्यांच्यावर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली, ते किती मेले हे मोजले नव्हते.

मे २०२०मध्ये कोलकात्यातल्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या १८५ परिचारिका एकाच वेळी गावी परतल्या. त्यांच्या तक्रारी सुरक्षेच्या आणि पगाराच्या होत्या, शेजाऱ्यांकडून मिळणाऱ्या अपमानाच्याही होत्या. घरच्यांना त्यांची काळजी होती. महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशा सेविका घरोघरी फिरून तपासणी करत होत्या. सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नव्हत्या, स्वयंसेविका होत्या. त्यामुळे त्यांना पगार नव्हता, कामागणिक मोबदला होता. जून २०२१मध्ये त्यांनी संप केला तेव्हा कुठे मानधन वाढले. हलालखोरांसारखेच त्यांचे ऐकले गेले ते काम थांबल्यावर.

आणखी एक समांतर प्रसंग मुंबईतलाच आहे. ३० मार्च २०२० रोजी महापालिकेने कोरोनाने मरण पावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करण्याचे परिपत्रक काढले. काही तासांत ते बदलावे लागले. त्या काही तासांत मुस्लीम घराघरांत जी घालमेल झाली, तीच १८९६च्या हलालखोराच्या मनात होती. मरणापेक्षा मरणानंतरच्या बेवारसपणाची भीती मोठी असते. ती आपल्याला त्या दिवशी कळली असेल, तर राजीनामा लिहिणाऱ्या परिचारिकेची भीतीही कळायला हवी.

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला आहे. उत्तर भारतात 'हलालखोर' ही आजही एक मुस्लीम जात आहे. महाराष्ट्रात मेहतर मुस्लीम आहेत. १९५०च्या राष्ट्रपती आदेशामुळे मुस्लीम सफाई कामगाराला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. याविरुद्ध आपण सरकारकडे बोट दाखवतो आणि ते योग्यच आहे. पण आपल्या लग्नांत, दावतींत, सोयरिकीत त्यांना आपण कुठे बसवतो? मजुराच्या घामाची आणि मजुरीची हदीस आपल्याला पाठ असते, मोहल्ल्यातल्या सफाई कामगाराचे नाव मात्र माहीत नसते.

पुढची साथ येईल तेव्हा सरकार काय करेल ते करेल. मोहल्ल्याच्या पातळीवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. भाड्याच्या खोलीतल्या परिचारिकेला घर खाली करायला सांगणाऱ्या मालकाला जमातने अडवावे. आशाताई दारात आली तर तिला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी मिळावे. बैतुलमालमधून सफाई कामगारांच्या आजारपणासाठी काही रक्कम वेगळी ठेवावी, आणि त्यातला कोणी गेला तर त्याच्या घरी महिन्याचा शिधा कोण पोहोचवणार, हे साथ येण्याआधीच ठरलेले असावे. थांबा, असे आपण त्यांना त्यानंतर म्हणावे.